चार अध्यापकांचे पत्र

१६ सप्टेंबर १९७९ रोजी कायद्याच्या चार अध्यापकांनी भारताच्या सरन्यायाधीशांना एक खुले पत्र लिहिले. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार ही ती चार नावे. पत्राचा विषय महाराष्ट्रातलाच होता. मार्च १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज येथील पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याचे ते प्रकरण. सत्र न्यायालयाने आरोपी पोलिसांना निर्दोष ठरविले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी ठरविले आणि सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष सोडले. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, तेव्हा तिची संमती होती, असा त्या निकालातील युक्तिवादाचा सारांश होता.

मुकाबला करता न आल्यामुळे आलेली शरणागती आणि स्वेच्छेने दिलेली संमती या दोन गोष्टी एक कशा, हा प्रश्न त्या चौघांनी विचारला. रात्रीची वेळ, पोलीस ठाण्याची इमारत, गणवेशातील शिपाई आणि समोर गरीब घरची अल्पवयीन मुलगी, हे सारे पुराव्यात असताना न्यायालयाच्या नजरेतून ते कसे सुटले, याचा त्यांनी जाब मागितला. पत्र प्रसिद्ध झाले, हातोहात पोहोचले आणि मार्च १९८० मध्ये महिला दिनी ठिकठिकाणी स्त्रिया रस्त्यावर आल्या. निकाल बदलला नाही. फेरविचाराचा अर्ज फेटाळला गेला. परंतु १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलिसांच्या ताब्यातील स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले आणि शरीरसंबंध सिद्ध झाला, तर संमती नव्हती असेच न्यायालयाने गृहीत धरावे, हे तत्त्व पुरावा कायद्यात आले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते कायम आहे. त्या मुलीचे नाव या लेखात मुद्दाम घेतलेले नाही. पीडितेची ओळख प्रसिद्ध करण्यास मनाई करणारी तरतूदही १९८३ च्याच दुरुस्तीची देणगी आहे.

या इतिहासाची उजळणी करण्याचे कारण असे की, विद्यापीठात बसून कायद्यावर लिहिणाऱ्याने कोणासाठी लिहावे, हा प्रश्न आज नव्याने विचारण्याची वेळ आली आहे. त्या चौघांना तोच मजकूर तळटिपांनी सजवून एखाद्या विद्वत्‌पत्रिकेकडे पाठविता आला असता. तो छापला गेला असता, ग्रंथालयात बांधून ठेवला गेला असता आणि कायदा आहे तेथेच राहिला असता. त्यांनी विद्वत्तेला रजा दिली नव्हती; निकालपत्राचा शब्दन्‌शब्द वाचूनच पत्र लिहिले होते. फरक एवढाच की, ते सर्वांना वाचता येईल असे लिहिले होते.

ही परंपरा आपल्याला परकी नाही. सरकारी चाकरीत असलेले गोपाळ हरी देशमुख १८४८ पासून ‘प्रभाकर’ पत्रात ‘लोकहितवादी’ या नावाने राज्यव्यवस्थेची व समाजाची चिकित्सा करीत होते. रुपयाच्या प्रश्नावर लंडनमध्ये प्रबंध लिहिणाऱ्या डॉ. आंबेडकरांनी मराठीतून ‘मूकनायक’ही काढला, आणि एक काम दुसऱ्यापेक्षा हलके मानले नाही.

आज मात्र चित्र उलटे झाले आहे. अध्यापकाच्या लेखाची किंमत तो कोणी वाचला यावर ठरत नाही, तर तो कोणत्या यादीतील नियतकालिकात आला यावर ठरते. २०१० मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने लेखनाला गुण जोडले आणि पदोन्नतीसाठी गुण मोजणारी कारकुनी सुरू झाली. तिच्या पाठोपाठ पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे पीक आले. वृत्तपत्रातील लेख, विधेयकावरील टिपण, संयुक्त समितीकडे पाठविलेली सूचना यांना त्या हिशेबात फारसे स्थान नाही. मग शहाण्या माणसाने ते का लिहावे?

याउलट लिहिण्याची संधी पूर्वीपेक्षा अधिक आहे. कोणत्याही कायद्याचा मसुदा किमान तीस दिवस जनतेसमोर ठेवावा, असे केंद्र सरकारचे २०१४ चे धोरण सांगते. ते नेहमी पाळले जात नाही, हे खरे. परंतु जेथे पाळले जाते तेथे त्या तीस दिवसांत मसुदा वाचून त्याचा अर्थ शिक्षकाला, कारकुनाला, शेतकऱ्याला मराठीत कोण समजावून सांगतो? हे काम वकिलांच्या संघटनांवर आणि स्वयंसेवी संस्थांवर सोडून देऊन विद्यापीठे परीक्षांच्या वेळापत्रकात गढलेली असतात.

आक्षेप दोन येतात. पहिला न्यायालयाच्या अवमानाचा. तो बहुतांशी गैरसमज आहे. अंतिम निकाल लागलेल्या प्रकरणाच्या गुणदोषांवर केलेली न्याय्य टीका अवमान ठरत नाही, असे १९७१ चा न्यायालय अवमान अधिनियमच सांगतो. दुसरा आक्षेप सेवानियमांचा. सरकारी सेवकाला शासनाच्या धोरणावर जाहीर टीका करण्यास नियम आडवे येतात, ही अडचण खरी आहे. परंतु विद्यापीठाचा अध्यापक म्हणजे मंत्रालयातील अवर सचिव नव्हे. शासनाचा आदेश अमलात आणणे हे सचिवाचे काम. तो आदेश तपासून पाहणे हे अध्यापकाचे. दोघांना एकाच दोरीने बांधल्यास विद्यापीठ हे आणखी एक सरकारी खाते होऊन बसेल.

तेव्हा प्रत्येक विद्यापीठाने कायदा आणि सार्वजनिक धोरण यांवरील लेखनासाठी स्वतःचे एक खुले व्यासपीठ चालवावे आणि ते मराठीत चालवावे. लेख मागवावेत ते केवळ प्राध्यापकांकडून नव्हेत, तर विद्यार्थ्यांकडूनही. आणि ज्यांच्या टेबलावरून कायद्याची अंमलबजावणी रोज सरकते त्या कारकून-तलाठ्यांकडूनही. सातबाऱ्याच्या फेरफारात कोठे अडते, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक? अटी मोजक्या असाव्यात. लेख दीड हजार शब्दांच्या आत असावा. ज्या कलमावर टीका आहे ते कलम लेखकाने स्वतः वाचलेले असावे. विरुद्ध बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा त्यात मांडलेला असावा. प्रश्नात लेखकाचा हितसंबंध असल्यास तो उघड करावा. लेखासाठी एक पैसाही शुल्क घेऊ नये. आणि लेख नाकारला तर चार ओळींत कारण कळवावे. कारण पहिल्यांदा लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला त्या चार ओळींतूनच लेखन शिकता येते.

यातून उथळ लेखनाला ऊत येईल, अशी भीती काहींना वाटेल. उथळपणा रोखण्याचा उपाय दार बंद करणे हा नव्हे, दारात चोखंदळ संपादक बसविणे हा आहे. बंद दारामागे काय पिकते, ते गुणांच्या शर्यतीने पुरेसे दाखविले आहे.

१९८१ मध्ये बक्षी आणि सरकार यांनी आग्ऱ्याच्या महिला संरक्षणगृहातील दुरवस्थेबद्दल सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले आणि न्यायालयाने तेच याचिका म्हणून दाखल करून घेतले. दोन वर्षांपूर्वी ज्या न्यायालयाला त्यांनी जाब विचारला होता, तेच हे न्यायालय. आदर राखून केलेली परखड टीका संस्थांना दुबळे करीत नाही, हे यावरून दिसते. संस्था दुबळ्या होतात त्या जाणत्यांच्या मौनाने, आणि ते मौन पगार घेऊन पाळले जात असेल तर त्याचा हिशेब मागण्याचा अधिकार कर भरणाऱ्या प्रत्येक नागरिकाला आहे.