शेवट फसला, म्हणून गोष्ट वाया गेली?

काशीदला ग्रुपने गेलात की एक गोष्ट ठरलेली. दिवसभर लाटांत धिंगाणा, सुरूच्या झाडांखाली मॅगी-वडापाव आणि साडेपाचपासून सगळ्यांचे मोबाइल पश्चिमेकडे रोखलेले. सनसेट हवा! नेमका त्याच दिवशी क्षितिजावर ढगांचा पट्टा येतो आणि सूर्य समुद्रात बुडायच्या आधीच गायब होतो. ‘पोपट झाला राव!’ म्हणत सगळे गाडीकडे निघतात. पण रेवदंडा यायच्या आत गाडीत पुन्हा हशा सुरू. विषय दुपारच्या धमालीचा. ट्रिप वाया गेली, असं कुणी म्हणत नाही.

मग आवडत्या गोष्टीचा शेवट फसला की ‘एवढी वर्षं फुकट गेली’ असं आपण का म्हणतो? मे 2019 मध्ये ‘गेम ऑफ थ्रोन्स’ संपली, तेव्हा शेवटचा सीझन नव्याने बनवा, अशी मागणी करणाऱ्या ऑनलाइन अर्जावर दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या होत्या.

आपल्याकडचं उदाहरण हवं, तर घरी आईबाबांना ‘रात्रीस खेळ चाले’बद्दल विचारा. फेब्रुवारी 2016 मध्ये मालिका सुरू झाली, ऑक्टोबरमध्ये संपली. मधले महिने नाईकांच्या वाड्यात नक्की कोण काय करतंय, यावर घराघरांत तर्क लढवले गेले. शेवटी उत्तर मिळालं, पण ते अनेकांच्या गळी उतरलं नाही. लोकांनी भरपूर नावं ठेवली. तरी 2019 मध्ये दुसरा भाग आला, तेव्हा अण्णा नाईक आणि शेवंताला बघायला पुन्हा टीव्हीसमोर गर्दी! कारण प्रेम त्या उत्तरावर नव्हतंच. ते वाड्यावर, मालवणी बोलण्यावर, विसरभोळ्या पांडूवर होतं.

अर्थात, शेवट आवडला नाही म्हणताना स्वतःला एक प्रश्न विचारा : मला दुखलं, की मला फसवलं? ‘सैराट’चा शेवट कुणालाच नको होता. पण सिनेमा पहिल्यापासून जातीबद्दल जे सांगत होता, तिथेच तो पोचला. 2018 मध्ये आलेल्या ‘धडक’ने तो शेवट बदलला, नायिकेला जिवंत ठेवलं. दोन्हींपैकी कोणता शेवट आजही छातीवर बसतो, ते तुम्हीच ठरवा. दुखावणारा शेवट वाईट असतोच असं नाही. मात्र घाईघाईत उरकलेल्या शेवटावर चिडायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. फक्त तो राग कलाकारांच्या इन्स्टावर शिव्या देऊन काढू नका.

मग काढायचा कुठे? विदर्भातल्या पद्मपूरच्या भवभूतीकडे बघा. वाल्मीकी रामायणाच्या उत्तरकांडात सीता धरणीच्या पोटात जाते. भवभूतीने सुमारे तेराशे वर्षांपूर्वी ‘उत्तररामचरित’ हे नाटक लिहिलं आणि त्याच्या सातव्या, शेवटच्या अंकात राम-सीतेची पुन्हा भेट घडवली. जुनी गोष्ट त्याने खोडली नाही, तिच्या शेजारी स्वतःची ठेवली. आज दोन्ही वाचल्या जातात. तुमच्याही वहीत एखादा वेगळा शेवट लिहायला कुणी अडवलेलं नाही.

हे सगळं फक्त सीरिजपुरतं नाही. 2021 ला दहावीत असलेल्यांना विचारा. त्यांची बोर्डाची परीक्षाच झाली नाही. शेवटचा पेपर देऊन शर्टावर सह्या घेणं नाही, गेटवरची गळाभेट नाही. थेट निकाल. म्हणून आधीची दहा वर्षं खोटी ठरली का? ब्रेकअप झालं किंवा जिवलग मित्राशी फाटलं, की आपण शेवटचं भांडण तेवढं धरून बसतो आणि त्याआधीची तीन वर्षं डिलीट करून टाकतो. तो मित्र परीक्षेच्या आदल्या रात्री तुमच्यासाठी नोट्स घेऊन आला होता, हे त्या भांडणाने बदलत नाही.

तेव्हा शेवटावर कट्ट्यावर मनसोक्त भांडा. भांडून झालं की प्रत्येकाने आपला सगळ्यात आवडता प्रसंग सांगा. तो आठवताना चेहरा खुलला, तर काही वाया गेलेलं नाही. आणि काशीदचा सनसेट हुकला असेल, तर पुन्हा जा. फक्त पावसाळा सोडून. तेव्हा तिथल्या समुद्रात उतरायचं नसतं.