उन्हाळ्यात मासे आणताना

मैत्रिणींनो, आपल्या सोलापुरात चैत्र सुरू झाला की सकाळी दहालाच रस्त्यावरून चालवत नाही. पारा 42-43 च्या खाली यायचं नाव घेत नाही. अशा दिवसांत मासे आणावेत का, असं शेजारणी मला दरवर्षी विचारतात. मी म्हणते, जरूर आणावेत. पण कोणते आणि कसे, हे मात्र मी चांगलीच अद्दल घडल्यावर शिकले.

एका एप्रिलमधली गोष्ट. बुधवार होता. सकाळची शाळा साडेदहाला सुटली. वाटेत सुरेख बांगडे दिसले, डोळे अगदी टपोरे. डझनभर घेतले. मग शिंप्याकडं ब्लाऊज आणायला गेले, तिथून बँकेत. रांगेत तासभर मोडला. पिशवी आपली हातातच! घरी पोचले तर दीड वाजलेला आणि वीज गेलेली. बांगडे साफ केले, मीठ-हळद लावून झाकून ओट्यावरच ठेवले आणि संध्याकाळी झणझणीत कालवण केलं. वास काही आला नाही. चव जरा जिभेला चुरचुरली, ती मी मसाल्यावर ढकलली.

जेवून अर्धा तास झाला नसेल, मामंजींचा चेहरा लालभडक झाला. डोकं ठणकू लागलं, छातीत धडधड, अंगाला खाज. त्यांना रक्तदाबाचा त्रास, वय सत्तरीचं. माझे तर हातपायच गळाले. रिक्षा करून डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी इंजेक्शन दिलं, दोन तास समोर बसवून ठेवलं आणि मग मला विचारलं, "वहिनी, मासे बर्फाबाहेर किती वेळ होते?"

मी हिशेब केला. आठ तास!

डॉक्टरांनी समजावलं ते असं. बांगडा, तारली, सुरमई, कुपा या माशांच्या मांसात एक द्रव्य मुळातच भरपूर असतं. मासा गरम राहिला की जंतू त्याचं हिस्टामिन बनवतात. अंगावर गांधी उठतात तेव्हा आपल्या शरीरात जे सुटतं, तेच हे. एकदा तयार झालं की ते शिजवून जात नाही, तळून जात नाही, पुन्हा फ्रीजमध्ये ठेवूनही जात नाही. वास येईलच असंही नाही. म्हणजे 'नीट उकळलं की झालं' ही आपली समजूत इथं लंगडी पडते. आणि मीठ-हळदीचा हात वरवर फिरतो, आत काही पोचत नाही. दम्याच्या किंवा हृदयविकाराच्या माणसाला हे भारी पडू शकतं. मामंजी दुसऱ्या दिवशी ठीक झाले. मला मात्र आठवडाभर झोप नव्हती.

तेव्हापासून मी चैत्र-वैशाखात समुद्राचा मासा कमीच आणते. मुंबईचा किनारा इथून 400 किलोमीटर. मासा बर्फातून येतो हे खरं, पण वाटेत बर्फ किती वेळा भरला, ते आपल्याला थोडंच कळतं? त्यापेक्षा आपली उजनी जवळची.

उजनीचंही उन्हाळ्यातलं एक तंत्र आहे. 1980 साली पूर्ण झालेलं हे भीमेवरचं धरण सुमारे 117 टीएमसीचं. त्यातलं जवळजवळ 64 टीएमसी पाणी मृत साठ्याचं, म्हणून तर पेपरात 'उजनी मायनसमध्ये' असं येतं. पाणी फारच उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ बाहेर येतं. पाणी उथळ झालं की तापतं, आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. मासे दिवसा खोल, गार जागी दडून बसतात. म्हणून संध्याकाळी जाळी लावायची आणि उजाडायच्या आत उचलायची. उशीर झाला तर जाळ्यात मेलेला मासा त्या कोमट पाण्यातच मऊ पडतो. आमच्या भाऊजींना सुट्टीत हिप्परग्याच्या तलावावर गळ घेऊन बसायचा नाद आहे. तेही सांगतात, सूर्य वर आला की गळ गुंडाळायचा.

थोडक्यात, चांगला मासा पहाटेचा. आमच्या मासेवाल्या मावशी मला सुनावतात, "बाई, धा वाजता येऊन ताजं मागता व्हय? ताजं सकाळी सातला असतंय की ओ!" सातलाच जा. कल्ले उघडून बघा, लाल हवेत. बोटानं दाबलं तर खड्डा राहता कामा नये. पोट फुटलेला मासा कितीही स्वस्त दिला तरी नको. रोहू, कटला, मरळ मिळाले तर छान. नाहीतर चिलापी. मूळची ही आफ्रिकेतली, कमी प्राणवायूतही तगते, त्यामुळं तिला तोटा नाही.

मासे खरेदीत सगळ्यांत शेवटी. भाजी, किराणा आधी. घरून झाकणाचा डबा न्या आणि मावशींकडून फोडलेला बर्फ मागून घ्या. खाली बर्फ, मग मासा, वर पुन्हा बर्फ. त्याला लाजू नका. 32 अंशांच्या वर उघडा मासा तासभरच खरा. घरी आल्याबरोबर साफ करा आणि त्याच दिवशी संपवा. वीज गेली तर फ्रीजचं दार सारखं उघडू नका, बंद ठेवलं तर चारेक तास गारवा टिकतो.

उन्हाळ्यात पाण्यात शेवाळ माजतं, म्हणून गोड्या पाण्यातल्या माशाला चिखलाचा वास येतो. मासा शिळा आहे म्हणून नव्हे, बरं का! पोटातलं काळं अस्तर खरवडून काढा. मग चिंचेचा कोळ आणि मीठ चोळून वीस मिनिटं डब्यात बर्फावरच ठेवा. आंबटानं तो वास मरतो. कालवणात कांदा-खोबऱ्याचं वाटण, काळा मसाला आणि थोडा शेंगदाण्याचा कूट. सोबत ज्वारीची भाकरी.

1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना समुद्रात मासेमारीची बंदी असते. त्या दोन महिन्यांत कुणी 'कालच आलेलं पापलेट' म्हणून दाखवलं, तर ते कुठून आलं आणि किती दिवस गोठवलेलं आहे, हे आधी विचारा. मामंजी तर आता ताटावर बसल्याबसल्या विचारतात, "सूनबाई, डबा नेला होतास ना?"