विश्लेषण : शाळाच मोबाइलमध्ये गेली, तर मुलांच्या हातून मोबाइल सुटणार कसा?

जून २०२० मध्ये नाशिकच्या ‘रेडिओ विश्वास’ या सामुदायिक रेडिओ केंद्रावर तिसरी ते दहावीचे धडे ऐकू येऊ लागले. ‘शिक्षण सर्वांसाठी’ हे कार्यक्रमाचे नाव. जिल्हा परिषद आणि महापालिकेच्या शाळांतील ज्या मुलांच्या घरी स्मार्टफोन नाही, त्यांचे शिक्षण थांबू नये, एवढाच हेतू होता. सुमारे दीडशे शिक्षकांनी मराठी, हिंदी, इंग्रजी आणि संस्कृत पाठ ध्वनिमुद्रित केले. इगतपुरी तालुक्यातील जिल्हा परिषद शिक्षकांनी मुलांना एफएम संच वाटले. केंद्राच्या म्हणण्यानुसार कार्यक्रम ५० ते ६० हजार विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचला आणि पुढे राष्ट्रीय सामुदायिक रेडिओ पुरस्कारांतही त्याची दखल घेतली गेली.

या उपक्रमाकडे ‘मोबाइल नसलेल्यांची सोय’ म्हणूनच पाहिले गेले. पण टाळेबंदीत मुलांचा मोबाइलचा अतिरेक कसा रोखायचा, या प्रश्नाचे एक उत्तर त्यात होते. आणि त्याची गरज घरात मोबाइल असलेल्यांनाच जास्त होती.

अडचण नेमकी कुठे झाली?

मार्च २०२० पर्यंत घरोघरीचा नियम सोपा होता : आधी अभ्यास, मग मोबाइल. शाळा बंद झाल्या आणि हा नियमच मोडला. तास, गृहपाठ, मित्रांशी गप्पा, खेळ, सगळे एकाच पडद्यावर आले. ‘अभ्यास करतोय’ म्हणणाऱ्या मुलाला आई काय बोलणार? यूट्यूबवरचा गणिताचा पाठ संपला की पुढचा व्हिडिओ समोर तयारच. राज्यात ४ ऑक्टोबर २०२१ पासून ग्रामीण भागात पाचवीपासून आणि शहरांत आठवीपासून शाळा सुरू झाल्या. धाकट्यांना त्यानंतरही वाट पाहावी लागली. दीड वर्षात सवय जडते, यात नवल काही नाही.

बंदीने फरक पडला का? टिकटॉक २९ जून २०२० रोजी बंद झाले, पबजी २ सप्टेंबरला. दोन्ही निर्णयांमागे देशाची सुरक्षा हे कारण होते, मुलांचे आरोग्य नव्हे. शिवाय एक ॲप गेले तरी मोकळा वेळ तसाच उरला आणि तो भरायला दुसरी ॲप होतीच.

किती वेळ म्हणजे अति?

केंद्राच्या ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शक सूचना जुलै २०२० मध्ये आल्या. पूर्वप्राथमिकसाठी दिवसाला जास्तीत जास्त ३० मिनिटे, पहिली ते आठवीसाठी ३० ते ४५ मिनिटांची दोन सत्रे, नववी ते बारावीसाठी तशीच चार. मर्यादा शाळेच्या तासांवर होती. तास संपल्यावर फोन कोणाच्या हातात, हे सरकार सांगू शकत नव्हते.

आणि नुसते तास मोजून फारसे कळतही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या नव्या वर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’चा समावेश केला. त्याच्या निकषात तासांचा आकडा नाही. खेळण्यावर ताबा न राहणे, बाकी सगळ्यापेक्षा खेळच महत्त्वाचा होणे, नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, आणि हे साधारण बारा महिने चालणे, अशी लक्षणे आहेत. म्हणजे टाळेबंदीत दिवसाला पाच तास खेळणारा प्रत्येक मुलगा आजारी नव्हता. गंमत अशी की मार्च २०२० मध्ये याच संघटनेने, लोक घरात थांबावेत म्हणून, गेमिंग कंपन्यांच्या ‘दूर राहून एकत्र खेळा’ या मोहिमेला पाठिंबा दिला. त्यात विसंगती शोधण्याचे कारण नाही. एकट्या पडलेल्या मुलाला मित्रांसोबतचा खेळ आधार देतो. तोच खेळ झोप, जेवण आणि अभ्यास गिळू लागला की काळजी करायची.

तज्ज्ञ काय सांगत होते?

२०२० मध्येच विविध देशांतील मानसोपचारतज्ज्ञांनी एकत्रितपणे सल्ले प्रसिद्ध केले. झोपेची ठरलेली वेळ, व्यायाम, घरच्यांशी बोलणे, पडद्यावरच्या वेळेची नोंद. यातला एक सल्ला साधा दिसतो, पण सर्वांत उपयोगी आहे : गजराचे घड्याळ, मनगटी घड्याळ, कागद-पेन वापरा. वेळ बघायला फोन उचलला की अर्धा तास जातो, हे सांगायला तज्ज्ञ कशाला हवेत! पण रेडिओवरच्या शाळेतही हेच तत्त्व होते. रेडिओवर धडा संपला की संपला. नोटिफिकेशन येत नाही, बोटाने पुढे सरकवायला काही नसते. रेडिओला शंका विचारता येत नाही, आकृती दाखवता येत नाही आणि चुकलेला पाठ सहज परत मिळत नाही, हेही खरे. भाषा-इतिहास तरी कानाने शिकता येतात, भूमिती कठीण. पण दिवसातले दोन तास जरी अशा साधनावर गेले असते, तरी ‘अभ्यास’ या सबबीखाली फोन दिवसभर हातात राहिला नसता.

तज्ज्ञांच्या सल्ल्यांत एक उणीव मात्र राहते : सगळा भार कुटुंबावर पडतो. दोन खोल्यांचे घर, एकच फोन, दोघेही कामावर जाणारे आई-वडील. तिथे वेळापत्रक पाळून घेणार कोण?

भोंगा आणि बंदी

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने १५ ऑगस्ट २०२२ पासून हा भार गावावर घेतला. संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो. दीड तास मोबाइल आणि टीव्ही बंद. टाळेबंदीत मुलांना लागलेली सवय सुटत नाही, म्हणून हा उपाय. यातले महत्त्वाचे म्हणजे टीव्हीही बंद. ऐन मालिकांच्या वेळी मोठ्यांनाही काहीतरी सोडावे लागते, आणि शेजारचा मित्रही ऑनलाइन नसल्याने मुलाला आपले काही चुकते आहे असे वाटत नाही.

यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी गावाने नोव्हेंबर २०२२ मध्ये वेगळा मार्ग धरला. अठरा वर्षांखालील मुलांच्या मोबाइल वापरावर बंदीचा ठराव ग्रामसभेने केला. हेतू तोच, पण इथे नियम फक्त मुलांना. दीड तासाची सवय पाळणे शक्य असते. मोठ्यांच्या हातात फोन असताना मुलांवरची पूर्ण बंदी टिकवणे फार अवघड.

शहरात भोंगा लावता येणार नाही. नाशिकच्या एखाद्या सोसायटीत सातला सगळे फोन बंद होतील, ही अपेक्षाच चुकीची. शाळांच्या हातात मात्र एक गोष्ट आहे. वर्ग भरू लागले तरी अनेक ठिकाणी गृहपाठ, सूचना, प्रकल्पांची माहिती व्हॉट्सॲप ग्रुपवरच येत राहिली. संध्याकाळी ‘उद्याचा गृहपाठ बघू दे’ म्हणत मूल फोन मागते, तेव्हा पालकांकडे नाही म्हणायला कारण नसते. गृहपाठ वर्गातच वहीत उतरवून दिला, तर ते कारण त्यांना मिळेल. त्यासाठी ना ठराव लागतो, ना निधी.