पाण्याखालची वाइड अँगल लेन्स : दूरचे दाखवणारी की जवळ नेणारी?

१/ बुडालेल्या जहाजांची आणि प्रवाळांची छायाचित्रे पाहताना इतिहासप्रेमी वाचक कॅमेरा कोणाचा, पाणबुड्या कोण, खोली किती, असे प्रश्न विचारतो. लेन्स कोणती होती, हे क्वचितच विचारले जाते. वस्तुतः पाण्याखालच्या छायाचित्रणाची दिशा ज्या निर्णयाने बदलली, तो निर्णय लेन्सचा होता. पुढील धागा त्या निर्णयाविषयी आणि आजही होणाऱ्या एका गैरसमजाविषयी आहे.

२/ गैरसमज असा : वाइड अँगल लेन्स म्हणजे अधिक विस्तार टिपण्याचे साधन. डोंगरमाथ्यावर हे खरे आहे. पाण्यात तिचे मुख्य काम वेगळे. ती छायाचित्रकाराला वस्तूच्या निकट जाऊ देते, आणि निकट गेल्याने मधले पाणी कमी होते. पाण्याखाली छायाचित्राचा खरा शत्रू अंधारापेक्षाही हे मधले पाणीच असते.

३/ आरंभ १८५६ सालचा. इंग्लंडच्या वेमथ उपसागरात विल्यम थॉम्पसन यांनी पेटीत बंद केलेला कॅमेरा होडीतून पाण्यात सोडला. पेटीत पाणी शिरले, तरीही काचेवर तळाची अस्पष्ट प्रतिमा उमटली. या प्रयोगाने समुद्रतळाचे चित्र घेता येते एवढे सिद्ध झाले. ते स्पष्ट कसे घ्यावे, हा प्रश्न मात्र तसाच राहिला.

४/ १८९३ मध्ये फ्रान्सच्या बान्यूल्स-सुर-मेर येथील आरागो प्रयोगशाळेत जीवशास्त्रज्ञ लुई बूताँ यांनी तो प्रश्न हाती घेतला. त्यांचे बंधू ऑग्युस्त यांनी जलरोधक पेटी घडवली. नैसर्गिक प्रकाशात एकेका चित्राला अर्ध्या तासापर्यंत वेळ लागे. म्हणून बूताँ कृत्रिम प्रकाशाकडे वळले. आधी मॅग्नेशियमची ज्योत, पुढे विजेचे दिवे. १९०० साली त्यांनी या विषयावर ग्रंथही प्रसिद्ध केला.

५/ १९२६ साली फ्लोरिडाच्या ड्राय टोर्टुगास बेटांजवळ विल्यम लाँगली आणि चार्ल्स मार्टिन यांनी पाण्याखालची पहिली रंगीत छायाचित्रे घेतली. प्रकाशासाठी तराफ्यावर मॅग्नेशियमची भुकटी पेटवावी लागे, आणि ती धोकादायक होती. थॉम्पसन ते मार्टिन या सत्तर वर्षांत सारा भर दोन गोष्टींवर राहिला : पेटी गळू नये आणि उजेड वाढावा. काचेपलीकडच्या पाण्याचे काय, हे दुय्यम ठरले.

६/ येथे थोडे भौतिकशास्त्र अपरिहार्य आहे. पाण्याचा अपवर्तनांक सुमारे १.३३. पाण्यातून सपाट काचेमार्गे हवेत येणारा किरण वळतो, त्यामुळे वस्तू प्रत्यक्ष अंतराच्या तीन-चतुर्थांशावर भासते आणि एक-तृतीयांशाने मोठी दिसते. परिणामी लेन्सचा दृष्टिकोन आक्रसतो. जमिनीवर ६३ अंश दाखवणारी ३५ मिमी लेन्स सपाट काचेमागून पाण्यात जेमतेम ४६ अंश दाखवते. विकत घेतलेली वाइड अँगल लेन्स पाण्यात शिरताच साधारण लेन्स होऊन बसते.

७/ यावर अधिक रुंद लेन्स लावावी, हा उपाय सुचतो; पण सपाट काच तिथेही आडवी येते. कोन वाढला की कडेचे किरण अधिकाधिक तिरके येतात, रंग फाटतात आणि कोपरे ताणले जातात. शिवाय सपाट काचेमागून सुमारे ९७ अंशांपलीकडचे काही दिसणे तत्त्वतःच अशक्य आहे. १९५० च्या दशकात फ्रान्समध्ये अलेक्झांद्र इव्हानॉफ यांनी या दोषावर उतारा म्हणून काचेच्या जागी बसणारी सुधारक भिंगरचना मांडली. उत्तर काचेतच शोधायचे आहे, ही जाणीव तिथून रुजू लागली.

८/ याच काळात बेल्जियन अभियंता ज्याँ द वूटर्स यांनी कूस्तो यांच्या वर्तुळात राहून कॅलिप्सो हा लहानसा कॅमेरा रचला. तो मुळातच जलरोधक असल्याने वेगळ्या पेटीची गरज नव्हती. पुढे निकॉनने तो हाती घेतला आणि १९६३ साली ‘निकोनोस’ या नावाने बाजारात आणला. इतिहासकथनात श्रेय बहुधा इथेच, कॅमेऱ्याच्या देहाला दिले जाते. हे श्रेयवाटप अपुरे आहे.

९/ निकोनोसची मूळ ३५ मिमी लेन्स हवेत आणि पाण्यात दोन्हीकडे चाले; म्हणजे तिच्यापुढे सपाट काच होतीच. खरी झेप त्यानंतरची. २८ मिमीची यूडब्ल्यू-निक्कोर ही लेन्स केवळ पाण्यासाठी आखली गेली. १९७२ मध्ये आलेली १५ मिमी एफ/२.८ यूडब्ल्यू-निक्कोर हा त्या विचाराचा कळस. तिचे पुढचे भिंग थेट पाण्याला भिडते आणि पाणी हे जणू भिंगरचनेचाच एक घटक मानून गणित मांडलेले असते. पाण्यात ती ९४ अंश स्वच्छ दाखवते. जमिनीवर निरुपयोगी ठरते.

१०/ या फरकाचा अर्थ एका उदाहरणाने कळेल. तळाशी तीन मीटर लांबीची तोफ पडली आहे. ती चौकटीत आडवी मावण्यासाठी जुन्या ३५ मिमी लेन्सला जवळजवळ चार मीटर मागे जावे लागते. १५ मिमीला सुमारे १.७ मीटर पुरतात. फ्लॅशचा प्रकाश जाऊन परत येतो, म्हणून पाण्यातील एकूण प्रवास आठ मीटरवरून साडेतीन मीटरच्या आत येतो. पाणी लाल रंग सर्वांत आधी गिळते, आणि तरंगणारा प्रत्येक कण प्रकाश उलटा फेकतो. प्रवास अर्ध्याहून कमी झाला की रंग परततात आणि पांढऱ्या ठिपक्यांचा पाऊस ओसरतो. गंजाचा रंग, लाकडाचे शिरे, तोफेवरची कोरीव खूण या गोष्टी मग पुरावा म्हणून उरतात.

११/ सारांश, वाइड अँगलचा कोन हे पाण्याखाली अंतराचे चलन आहे. गोव्याच्या किनाऱ्यावर हे विशेष जाणवावे. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी गोव्याजवळच्या सुंची रीफवर सतराव्या शतकातील पोर्तुगीज जहाजाचे अवशेष अभ्यासले आहेत. पश्चिम किनाऱ्याचे पाणी गढूळ. जिथे दोन-तीन मीटरपुढे दिसत नाही, तिथे चार मीटरवरून टिपणारी लेन्स म्हणजे रिकामी चौकट. अशा समुद्रात रुंद कोन ही चैन नसून कामाची पहिली अट आहे.

१२/ मग आज निवड करणाऱ्याने काय पाहावे? बहुतेक डिजिटल कॅमेरे पेटीतच जातात आणि पेटीपुढे घुमटाकार काच, म्हणजे डोम पोर्ट, बसवतात. लेन्सचा प्रवेशबिंदू घुमटाच्या केंद्रावर आला की किरण काचेला काटकोनात भेटतात आणि कोन आक्रसत नाही. मात्र घुमट स्वतः एक भिंग होतो. अनंत अंतरावरचे दृश्यही घुमटाच्या पृष्ठभागापासून त्रिज्येच्या सुमारे तिप्पट अंतरावर, आभासी प्रतिमा म्हणून उभे राहते. दहा सेंटिमीटर त्रिज्येच्या घुमटामागील लेन्सला त्यामुळे तीस सेंटिमीटर पुढे फोकस साधता आला पाहिजे. जी लेन्स इतक्या जवळ फोकस करू शकत नाही, ती कितीही महाग असली तरी इथे हरते.

१३/ दुसरी अडचण अशी की ती आभासी प्रतिमा वक्र असते. सरळ रेषा सरळ ठेवणारी वाइड अँगल लेन्स घुमटामागे कोपऱ्यांत धूसर होते. घुमट मोठा घेतला आणि छिद्र लहान केले की हा दोष कमी होतो. फिशआय लेन्सचे स्वतःचे वक्रत्व या प्रतिमेशी जुळते, म्हणून ती लहान घुमटामागेही चांगले काम करते. फिशआय अनेक पाणबुड्या छायाचित्रकारांची लाडकी झाली, त्यामागे हौसेबरोबर हे गणितही आहे. निकॉनने १९९२ च्या निकोनोस आरएस कॅमेऱ्यासाठी १३ मिमीची फिशआय दिली होती, तीही थेट पाण्याला भिडणारी.

१४/ इथे एक गंभीर आक्षेप उभा राहतो आणि तो टाळून चालणार नाही. फिशआय जवळचे फुगवते आणि दूरचे आकसवते. नांगर लेन्सपाशी आणि पाणबुड्या दोन मीटर मागे ठेवला की सामान्य नांगर राक्षसी भासतो. जहाजाची सरळ कड धनुष्यासारखी वाकते. असे चित्र लाखो जण पाहतात, आणि नांगराचा ‘आकार’ लोकस्मृतीत चुकीचा कोरला जातो. छायाचित्र खोटे नसते, पण त्याची साक्ष दिशाभूल करते.

१५/ म्हणून ‘सर्वांत रुंद तीच उत्तम’ हा सल्ला इतिहासाच्या कामी घातक आहे. प्रवाळाचा कडा, माशांचा थवा, भग्न नौकेचा एकूण भाव यांसाठी फिशआय उचित. मोजमापासाठी आणि तुकड्यातुकड्यांच्या चित्रांतून नकाशा जुळवण्यासाठी लेन्स एकच, न बदलणारी आणि पाण्यातच तिची विकृती मोजून घेतलेली हवी. झूम फिरवत काढलेली शंभर सुंदर चित्रे नकाशाला फारशी कामाची नसतात. आधुनिक संगणकप्रणाली फिशआयची वक्रताही सोडवू शकतात, पण त्यासाठी लेन्स आणि घुमट कोणते होते याची नोंद लागते.

१६/ टायटॅनिकचे उदाहरण बोलके आहे. १९८५ साली सुमारे ३,८०० मीटर खोलीवर अवशेष सापडले. पण संपूर्ण जहाज एका छायाचित्रात कधीच आले नाही. तेवढे मागे गेल्यास मधल्या पाण्यात आणि काळोखात सारे विरघळते. कोणतीही लेन्स हे बदलू शकत नाही. अखेर २०२२ मध्ये सात लाखांहून अधिक प्रतिमा जोडून अवशेषांची संपूर्ण त्रिमितीय प्रतिकृती तयार झाली. समग्र दर्शन मागे सरून मिळाले नाही. असंख्य वेळा जवळ जाऊन मिळाले.

१७/ यात पणाला काय लागले आहे? समुद्रातले लोखंड गंजते, लाकूड कीड पोखरते, जाळी आणि नांगर तळ ओरबाडतात. उत्खनन तर स्थळाची मूळ मांडणी कायमची मोडते. कित्येक स्थळांची एकच भेट घडते आणि त्या भेटीत कॅमेऱ्यावर जी लेन्स असेल, तीच पुढच्या पिढ्यांची नजर ठरते. चुकीची दिनांकनोंद पुढे दुरुस्त होऊ शकते; चार मीटर गढूळ पाण्यातून काढलेले चित्र दुरुस्त होत नाही.

१८/ तरुण अभ्यासकासाठी निष्कर्ष स्वच्छ आहे. आधी पाण्याची दृश्यता पाहावी, मग चित्राचे प्रयोजन ठरवावे, त्यानंतर लेन्स आणि घुमट यांची जोडी एकत्र निवडावी. अंशांचा आकडा सर्वांत शेवटी. चित्रात मोजपट्टी असावी, आणि ओळीखाली लेन्स व अंतर लिहिलेले असावे. जुने चित्र वाचतानाही हाच क्रम उलट लावावा : कॅमेरा वस्तूपासून किती दूर होता, मध्ये किती पाणी होते, काच सपाट होती की घुमटाकार. एवढे विचारल्याखेरीज समुद्रतळाच्या छायाचित्राला पुरावा म्हणणे घाईचे ठरेल.