सहलीच्या पिशवीत तापमापक हवा



साहस आणि अभ्यास यांची आपण उगीचच फारकत करून टाकली आहे. डोंगर चढणारा तो धाडसी आणि वही-पेन्सिल घेऊन बसणारा तो अभ्यासू. एकाने दुसऱ्याच्या वाटेला जाऊ नये, असा जणू अलिखित नियमच आहे. शाळेची सहल निघते तेव्हा पाहा. डबे, पाण्याच्या बाटल्या, बॅट-बॉल, हल्ली मोबाइल, सारे काही बरोबर असते. मोजमापाचे एकही साधन नसते. माझे मत असे, की ज्या टोळीच्या पिशवीत एक साधा तापमापक आणि एक वही आहे, तिची सहल अधिक मजेची होते. शिवाय ती टोळी धडधाकट घरी परतण्याचा संभवही वाढतो. हे दुसरे विधान तुम्हांला थोडे चमत्कारिक वाटेल, म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

नोकरीच्या निमित्ताने मी काही वर्षे तुर्कस्तानात, अंकारा शहरी राहत होतो. तेथे आमची पाचजणांची टोळी जमली: तिघे तुर्की, एक इराणी आणि मी. तुर्की भाषेत मित्राला ‘आर्कादाश’ म्हणतात. ‘आर्का’ म्हणजे पाठ. पाठीशी असणारा तो आर्कादाश. म्हणजे आपला पाठीराखाच की! हवा, दुनिया, मैदान हे शब्दही थोड्याफार फरकाने तिकडे आहेत. त्यामुळे हवेविषयीची आमची भांडणे भाषेवाचून कधी अडली नाहीत. आणि भांडणे पुष्कळ होत.

तुर्की माणूस चहाचा मोठा भक्त. त्याची किटली दुमजली असते. खालच्या भांड्यात पाणी उकळते आणि वरच्या लहान भांड्यात पत्ती मुरते. कायसेरी शहराजवळ एर्जियेस नावाचा एक जुना ज्वालामुखी आहे, उंची ३,९१७ मीटर. त्याच्या अंगावर सुमारे २,२०० मीटर उंचीच्या पठारावर आम्ही तंबू ठोकला होता. चहा केला, पण रंग काही उतरेना. कायसेरीचा मित्र पत्तीला दोष देऊ लागला, इराणी मित्र पाण्याला. मी तापमापक काढून उकळत्या पाण्यात धरला. पारा नव्हे, त्यातला तांबडा द्रव ९२ आणि ९३ अंशांच्या मध्ये थांबला. कितीही जाळ केला तरी वर जाईना.

याचे कारण तुम्हांला पाठ्यपुस्तकात भेटले असेलच. उंचावर हवेचा दाब कमी, म्हणून पाण्याचा उत्कलनबिंदूही कमी. समुद्रकाठी पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते. अंकारा सुमारे ९०० मीटरवर आहे, तेथे ९७ अंशांच्या आसपास. ढोबळ हिशेब असा, की दर ३०० मीटरला एक अंश उतरतो. पण पुस्तकातले वाक्य आणि फिक्का चहा यांत फरक आहे. त्या दिवसापासून आमच्यातला प्रत्येकजण नव्या जागी गेला की पहिल्यांदा पाणी उकळून उंची काढी आणि मग नकाशात पाही. पन्नास-शंभर मीटरची चूक निघे. तिच्यावरून पुन्हा वाद.

त्याच मुक्कामात खरी कसोटी लागली. आमच्याजवळ एक वायुभारमापकही होता. आपण चढत असलो तर त्याचा काटा उतरणारच; त्यात नवल नाही. परंतु आपण जागचे हललो नाही आणि तरीही काटा उतरला, तर त्याचा अर्थ निराळा. मग आपण वर गेलेलो नसतो, हवाच बदलत असते. रात्री नऊ वाजता आम्ही आकडा टिपला. पहाटे तीनला शिखराकडे निघायचे होते, तेव्हा पुन्हा पाहिला. सहा मिलिबार कमी! बाहेर आभाळ निरभ्र, तारे असे लखलखीत की हात लावावा. दोघांचे बूट चढवून झाले होते. दोघे म्हणत होते, थांबावे. पाचवा नुसताच ‘यवाश, यवाश’ म्हणजे ‘हळू, हळू’ असे पुटपुटत वहीतले आकडे पाहत बसला होता.

आमचा एक नियम होता: पुढे जाण्यास पाचांचे होकार लागतात, थांबण्यास एकाचा नकार पुरतो. नकार देणाऱ्याला त्या दिवशी कोणी चिडवायचे नाही, हे त्याचे पोटकलम. आम्ही थांबलो. अकराच्या सुमारास शिखर ढगात गेले, दुपारी गडगडाट सुरू झाला आणि जून महिन्यात आमच्या तंबूवर बर्फ पडले. त्या वेळी आम्ही उघड्या कड्यावर असतो तर विजेला सगळ्यांत उंच वस्तू म्हणजे आमची डोकी होती. आणि थंडी? हवेचे तापमान दर किलोमीटरला सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. तळावर ६ अंश होते. शिखर १,७०० मीटर वर, म्हणजे तेथे उणे ५. वारा वेगळाच. हा हिशेब तंबूत बसून करता येतो, तेथे जाऊन करण्याची गरज नसते.

तो रिकामा दिवस आम्ही वाया घालवला नाही. स्त्रेबो नावाचा प्राचीन ग्रीक भूगोलकार याच देशातला, अमास्या गावचा, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. त्याने लिहून ठेवले आहे, की या डोंगरावर फार थोडे लोक चढतात आणि चढलेले सांगतात, की निरभ्र दिवशी शिखरावरून दोन्ही समुद्र दिसतात. उत्तरेचा काळा समुद्र आणि दक्षिणेचा भूमध्य समुद्र. कायसेरीचा मित्र हे लहानपणापासून ऐकत आला होता. वर जाता येत नसेल तर पडताळा कसा पाहायचा? पायथागोरसला बोलवायचे! पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर, शिखराची उंची ३.९१७ किलोमीटर. क्षितिजाला स्पर्शिका काढा, काटकोन त्रिकोण तयार होतो. उत्तर येते सुमारे २२३ किलोमीटर. हवेतून प्रकाश किंचित वाकतो, म्हणून आणखी थोडे धरा. नकाशावर काळ्या समुद्राचा किनारा तीनशे किलोमीटरहून दूर आहे. भूमध्य समुद्राचा आखात त्या मानाने जवळ, परंतु मध्ये तोरोस पर्वताच्या रांगा आडव्या. मित्राने तीनदा आकडेमोड करून पाहिली. मग म्हणाला, ‘‘स्त्रेबोने स्वतः पाहिले असे कोठे म्हटले आहे? त्याने ऐकले तेच लिहिले.’’ हे मात्र खरे होते, आणि स्त्रेबोच्या प्रामाणिकपणाला धरून होते.

काहीजण म्हणतील, आकडे टिपत बसलो तर निसर्गाचा आनंद कधी घ्यायचा? या आक्षेपात मला फारसा दम वाटत नाही. क्रिकेटचा धावफलक पाहिल्याने खेळाची गोडी कमी होते का? उलट, आकडा कळला की नजर नेमक्या जागी जाते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: उपकरण जवळ आहे म्हणून माणूस फाजील धीट होतो. हे घडते. म्हणूनच मी उपकरणाइतकाच पाठीराख्यांवर भर देतो. आकडा एकाने वाचावा, दुसऱ्याने टिपावा आणि तिसऱ्याने त्यावर शंका काढावी. एकट्या माणसाला आपल्या मनासारखा आकडा दिसतो. पाचांच्या टोळीत ते जमत नाही.

पश्चिमेकडे पामुक्काले आहे. नावाचा अर्थ ‘कापसाचा किल्ला’. सुमारे ३५ अंशांचे झऱ्याचे पाणी उतारावरून वाहते, त्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेटची पांढरीशुभ्र पुटे चढत राहतात. हजारो लोक तेथे अनवाणी चालतात, कारण बूट घालून चालण्यास मनाई आहे. पण त्याच टेकडीवरच्या हिरापोलिस या प्राचीन नगरात एक भुयारासारखी जागा आहे. तिच्यातून हाच वायू येतो. स्त्रेबोने तेथे चिमण्या सोडल्या होत्या, त्या तत्काळ मेल्या. बैल नेला तर तो मरे. पुजारी मात्र जिवंत परत येत. लोक याला दैवी चमत्कार मानीत. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात तेथील वायूचे प्रमाण वेगवेगळ्या उंचीवर आणि वेगवेगळ्या वेळी मोजलेले आहे. कार्बन डायऑक्साइड हवेच्या सुमारे दीडपट जड. रात्री तो जमिनीलगत तळ्यासारखा साचतो, ऊन आले की विरतो. बैलाचे नाक त्या तळ्यात बुडे, उभ्या पुजाऱ्याचे नाक वर राही. चमत्काराची उकल मोजपट्टीने झाली!

आपल्याकडे ही गोष्ट नवी नाही. जुन्या विहिरीत किंवा धान्याच्या पेवात उतरण्याआधी कंदील सोडून पाहण्याची रीत आहे. कंदील विझला तर उतरायचे नाही. आमच्या आजोबा-पणजोबांचा हा वायुमापकच. आज किल्ल्यावरच्या टाक्यात किंवा अंधाऱ्या भुयारात मुले बेधडक शिरतात, तेव्हा मला त्या कंदिलाची आठवण येते. मात्र एक लक्षात ठेवा: सगळेच विषारी वायू ज्योत विझवत नाहीत, आणि काही तर पेट घेतात. म्हणून अनोळखी भुयारात, हातात कंदील असो वा नसो, शिरूच नये.

मध्य तुर्कस्तानातल्या कपादोकियाचे चित्र तुम्ही पाहिले असेल: टोपी घातलेले दगडी सुळके आणि खडकात कोरलेली घरे. ज्वालामुखीच्या राखेचा हा मऊ खडक, त्याला टफ म्हणतात. वेरूळच्या कैलास लेण्याचा बेसॉल्ट कोठे आणि हा कोठे! साध्या छिन्नीनेही हा निघतो. पण येथल्या कराइन, तुझक्योय अशा काही खेड्यांत फुप्फुसाच्या आवरणाच्या एका दुर्मिळ कर्करोगाने माणसे मोठ्या संख्येने मरत. १९७० च्या दशकात डॉ. इझ्झेत्तिन बारिश या तुर्की डॉक्टरांनी त्याचा पाठपुरावा केला. दोष निघाला खडकातल्या एरिओनाइट या खनिजाचा. झिओलाइट गटातले हे खनिज. त्याचे सूक्ष्म तंतू धुळीबरोबर वर्षानुवर्षे श्वासात जात होते. १९८७ साली ते कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात नोंदले गेले. चार दिवस फिरणाऱ्याने धास्ती घेण्याचे कारण नाही, आणि आपल्या दख्खनच्या खडकांत सापडणारी सुंदर झिओलाइटे पाहून पळून जाण्याचेही नाही; प्रत्येक झिओलाइट काही घातक तंतू नसते. पण आमची टोळी तेथे दगड खरवडत बसली नाही. डोळ्यांना दिसेल तेवढेच असते असे मानून कसे चालेल?

आता आपल्या घराकडे येतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाचजण वाहून गेले. ती बातमी वाचून अनेकांनी सहलींवर बंदी घाला असे म्हटले. मला हा उपाय पटत नाही. मुलांना घरात कोंडून पाण्याचे शास्त्र कळणार नाही. पाण्याचा वेग दुप्पट झाला की अंगावरचा रेटा चौपट होतो, तिप्पट झाला की नऊपट. पाऊस डोंगरमाथ्यावर पडतो आणि लोंढा खाली येतो. तुमच्या डोक्यावर ऊन असले तरी! काठावरच्या खडकावर खूण करून पाहा, पाणी किती मिनिटांत किती चढते ते दिसेल. पाणी गढूळ झाले, पालापाचोळा वाहू लागला, आवाज वाढला, की तो वायुभारमापकाचा उतरलेला काटाच समजा. मात्र लोंढा कधी कधी खूण पाहण्याइतका वेळही देत नाही. म्हणून पावसाळ्यात हा प्रयोग काठापासून दूर, उंच जागी उभे राहून करायचा, पात्रात उतरून नव्हे.

येत्या हिवाळ्यात कळसूबाईला जाणार असाल तर तिची उंची १,६४६ मीटर आहे. तेथे पाणी किती अंशांना उकळेल, हे वरच्या हिशेबावरून घरीच काढून वहीत लिहा आणि मग शिक्षकांच्या देखरेखीखाली पडताळा पाहा. तापमापक मात्र प्रयोगशाळेतला, ११० अंशांपर्यंतचा आणि तांबड्या द्रवाचा न्या. घरातला ताप मोजण्याचा उकळत्या पाण्यात घातलात तर तो तत्काळ फुटेल, आणि मग उत्कलनबिंदू आईचा पाहावा लागेल!