रयतेच्या नावाने : विद्यापीठांबाबत महाराष्ट्र विधिमंडळास खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्र विधानसभा व विधान परिषदेचे सन्माननीय सदस्य

विद्यापीठांतील सरकारी हस्तक्षेपाचे समर्थन महाराष्ट्रात बहुधा एकाच युक्तिवादाने केले जाते. विद्यापीठे मूठभर शिकलेल्यांची आहेत, ती जनतेच्या पैशावर चालतात, तेव्हा जनतेने निवडून दिलेल्यांनी त्यांचा कारभार हाती घेतला तर बिघडले कुठे, असा तो युक्तिवाद. यातला पहिला भाग बराच काळ खरा होता आणि काही अंशी आजही आहे. दुसरा भाग मात्र पहिल्यातून निघत नाही. राज्याची विद्यापीठे याच विधिमंडळाच्या कायद्याने उभी आहेत, म्हणून या दोन भागांतला फरक तपासण्याची जबाबदारीही प्रथम विधिमंडळाचीच आहे.

उच्च शिक्षणाविरुद्धच्या रोषाची महाराष्ट्रातील परंपरा जुनी आणि प्रतिष्ठित आहे. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी जे निवेदन दिले, त्यात त्यांनी सरकारच्या शिक्षणखर्चाचा हिशेबच मागितला. महसूल शेतकऱ्यांच्या घामातून येतो आणि खर्च वरच्या जातींच्या उच्च शिक्षणावर होतो, ही त्यांची तक्रार होती. वरचे शिकले की ज्ञान आपोआप खाली झिरपेल, हे सरकारचे गृहीतक त्यांनी साफ नाकारले आणि बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली. पण त्याच निवेदनात ते महाविद्यालये बंद करा असे म्हणत नाहीत. सरकारने उच्च शिक्षणातून अंग काढून घेतल्यास शिक्षणाचा प्रसार खुंटेल, असे ते बजावतात. घरी अभ्यास करणाऱ्यांनाही विद्यापीठाच्या परीक्षा देऊन पदवी मिळवता यावी, असेही ते सुचवतात. दार रुंद करा, एवढाच या रोषाचा अर्थ होता.

पुढच्या पिढ्यांनी हेच केले. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहे काढली आणि १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा हुकूम काढला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ साली मुंबई कायदेमंडळात विद्यापीठ कायद्याच्या दुरुस्तीवर बोलताना मागासवर्गीयांना सिनेटमध्ये स्थान हवे, असा आग्रह धरला. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या या माणसाने पुढे मुंबईत सिद्धार्थ आणि औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय उभे केले. उत्तम शिक्षण ही वरच्यांची चैन आहे, असे यांपैकी कोणीही मानले नाही. ते आपल्या माणसांनाही मिळाले पाहिजे, हे त्यांचे म्हणणे होते.

दुसरी परंपरा राज्यकर्त्यांची आहे. १८८८ साली व्हाइसरॉय डफरिन यांनी काँग्रेसमधल्या सुशिक्षितांना नगण्य अल्पसंख्य ठरवले. कोट्यवधी मूक रयतेचे खरे हित सरकारच जाणते, हा त्यामागचा दावा. १९०४ साली कर्झन यांनी विद्यापीठ कायदा आणला तो दर्जा सुधारण्याच्या नावाने. प्रत्यक्षात सिनेट लहान झाले, बहुसंख्य सदस्य सरकारनियुक्त झाले आणि सरकारची पकड घट्ट झाली. मध्यवर्ती कायदेमंडळात त्याला विरोध करणाऱ्यांत अग्रभागी होते ते फर्ग्युसन महाविद्यालयात अध्यापन केलेले गोपाळ कृष्ण गोखले. फुल्यांनी रयतेसाठी शाळा मागितल्या. डफरिन-कर्झन यांनी रयतेचे नाव घेऊन अधिकार मागितले. आजच्या भाषणांत या दोन परंपरांची सरमिसळ होते. शब्द पहिलीचे असतात आणि कृती दुसरीची.

हस्तक्षेपाची वाट कुलगुरूंच्या निवडीतून जाते. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा प्रांताचा गव्हर्नर पदसिद्ध कुलपती ठरला, आणि स्वातंत्र्यानंतरही राज्यपाल हेच कुलपती राहिले. वसाहतकाळातली ही तरतूद लोकशाहीत कशी टिकली, याचा विचार कोणत्याच पक्षाने मनापासून केलेला नाही. केंद्रात एक आणि राज्यात दुसराच पक्ष असला की ती खुपते. दोन्हीकडे एकच असला की सोयीची वाटते. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ मध्ये कुलगुरू निवडीसाठी शोध समिती ठेवली गेली. ती कुलपतींना नावांची यादी देते आणि कुलपती त्यातून एक निवडतात. याच कायद्याने विद्यापीठाच्या प्राधिकरणांत नामनिर्देशित सदस्यांचे वजन वाढवले. निवडणुकांत गटबाजी होते, हे त्याचे कारण. गटबाजी होत होती हे खरे. पण नामनिर्देशनाने ती संपत नाही, फक्त तिचे केंद्र मुंबईला सरकते.

डिसेंबर २०२१ मध्ये महाविकास आघाडी सरकारने या कायद्यात दुरुस्ती आणली. शोध समितीने सुचवलेल्या पाच नावांतून राज्य सरकार दोन निवडणार आणि कुलपतींनी त्यांतूनच एकाची नेमणूक करायची, अशी तिची रचना होती. शिवाय उच्च व तंत्रशिक्षणमंत्री हे प्र-कुलपती होणार होते. म्हणजे मंत्र्याला विद्यापीठात खुर्चीच मिळणार होती. विधेयक गदारोळात मंजूर झाले, त्याला राज्यपालांची संमती मिळाली नाही, आणि २०२२ साली सरकार बदलल्यावर ते मागे घेण्यात आले. या वादात विद्यापीठाच्या स्वायत्ततेची बाजू कोणीच घेतली नाही, असे म्हणणे अतिशयोक्त ठरणार नाही. एका बाजूला मंत्रालय होते, दुसऱ्या बाजूला राजभवन. प्राध्यापक, विद्यार्थी आणि पदवीधर दोन्हीकडे नव्हते.

या ओढाताणीच्याच काळात पुणे विद्यापीठाच्या कुलगुरूंची मुदत मे २०२२ मध्ये आणि मुंबईच्या कुलगुरूंची सप्टेंबर २०२२ मध्ये संपली. नवे कुलगुरू आले जून २०२३ मध्ये. राज्यातल्या दोन सर्वांत मोठ्या विद्यापीठांपैकी एकाचा कारभार वर्षाहून अधिक आणि दुसऱ्याचा सुमारे नऊ महिने, इतर विद्यापीठांच्या कुलगुरूंनी अतिरिक्त कार्यभार म्हणून पाहिला. कुलगुरूची मुदत पाच वर्षांची असते आणि ती कधी संपणार हे पहिल्याच दिवशी ठाऊक असते. उशिराला सबब नाही.

अधिसभेचे, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या सिनेटचे, उदाहरण अधिक बोलके आहे. मुंबई विद्यापीठाच्या सिनेटमध्ये पदवीधरांच्या १० जागा निवडणुकीने भरल्या जातात. आधीच्या सिनेटची मुदत २०२२ मध्ये संपली. २०२३ साली जाहीर झालेली निवडणूक ऑगस्टमध्ये एका रात्रीत स्थगित झाली. सप्टेंबर २०२४ मध्ये मतदानाच्या तोंडावर पुन्हा स्थगिती आली. या वेळी मुंबई उच्च न्यायालयाने हस्तक्षेप केला आणि मतदान झाले. दहाच्या दहा जागा विरोधी पक्षाच्या युवक संघटनेने जिंकल्या. दहा जागांनी सरकार पडत नसते, तरीही त्यांची एवढी धास्ती वाटावी, यातच सिनेटचे महत्त्व दिसते. अंदाजपत्रकावर, निकालांच्या घोळावर, परीक्षा विभागावर जाहीरपणे प्रश्न विचारण्याची ती जागा आहे. विद्यार्थी परिषदेच्या थेट निवडणुका तर १९९०च्या दशकात बंद झाल्या. २०१६च्या कायद्यात तरतूद होऊनही त्या कागदावरच आहेत.

अभ्यासक्रमावरचा दबाव आणखी उघड असतो. २०१० साली रोहिंटन मिस्त्री यांची ‘सच अ लाँग जर्नी’ ही कादंबरी मुंबई विद्यापीठाच्या इंग्रजीच्या अभ्यासक्रमातून काढली गेली. शिवसेनेवरील टीका त्या पक्षाच्या विद्यार्थी संघटनेला खटकली होती आणि कुलगुरूंनी तातडीच्या अधिकारात निर्णय घेतला. पुस्तक निवडणाऱ्या अभ्यास मंडळाला साधे विचारण्याचीही गरज भासली नाही. (त्याच पक्षाच्या युवक शाखेने पुढे सिनेटच्या हक्कासाठी न्यायालयाचे दार ठोठावले. विरोधी बाकांवर बसले की स्वायत्ततेचे मोल कळते, हे सर्वच पक्षांना लागू आहे.) त्याआधी ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर संभाजी ब्रिगेडच्या कार्यकर्त्यांनी हल्ला केला. निमित्त होते जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरील पुस्तकाचे. संस्थेने ते लिहिले नव्हते, प्रकाशितही केले नव्हते. लेखकाने तिथल्या काही विद्वानांचे आभार मानले होते इतकेच. पुस्तकातील मजकुराचा निषेध करण्याचा हक्क प्रत्येकाला होता. पण कपाटे फुटली ती एका विशिष्ट वर्गाच्या मक्तेदारीवरचा जुना राग म्हणून, आणि नासधूस झाली ती सर्वांच्या वारशाची.

देशपातळीवर हाच सूर करदात्याच्या नावाने लागतो. मार्च २०१७ मध्ये पंतप्रधानांनी प्रचारसभेत हार्वर्डपेक्षा कष्ट श्रेष्ठ, अशा अर्थाची कोटी केली आणि ती टाळ्या घेऊन गेली. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये २०१५ साली अध्यक्षांच्या नेमणुकीवरून १३९ दिवस संप चालला, तेव्हा विद्यार्थ्यांच्या आक्षेपापेक्षा त्यांच्यावरील सरकारी खर्चाचीच चर्चा अधिक झाली. जानेवारी २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने नियमांचा जो मसुदा काढला, त्यात उद्योग किंवा प्रशासनातील अनुभवी व्यक्तींनाही कुलगुरूपद खुले करण्याचा आणि शोध समिती कुलपतींनी नेमण्याचा प्रस्ताव होता. केरळ आणि तमिळनाडूच्या विधानसभांनी त्याविरुद्ध ठराव केले. केरळ सरकारचे वर्तनही निर्दोष नव्हते. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कन्नूर विद्यापीठाच्या कुलगुरूंची फेरनियुक्ती रद्द केली ती राज्य सरकारच्या अनुचित हस्तक्षेपामुळेच. कुलपतींना कायद्याने दिलेला अधिकार त्यांनी स्वतःच वापरायचा असतो, तो सरकारच्या इशाऱ्यावर वापरता येत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

महाराष्ट्रातील खरा अभिजन वर्ग शोधायचा तर तो ग्रंथालयात सापडणार नाही. १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने खासगी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. ग्रामीण मुलांना कर्नाटकात जावे लागू नये, हा त्यामागचा हेतू होता आणि त्याचा काही लाभ झालाही. पण त्यातूनच शिक्षणसम्राट नावाचा वर्ग उभा राहिला. सर्व पक्षांत पसरलेला हा वर्ग सभागृहात आमदार असतो, गावात संस्थाचालक असतो, आणि संस्थाचालकांच्या मतदारसंघातून विद्यापीठाच्या प्राधिकरणांतही बसतो. ज्या विद्यापीठाने त्याच्या महाविद्यालयाची तपासणी करायची, त्याच विद्यापीठाच्या कारभारात त्याचा आवाज असतो. मूठभरांची मक्तेदारी मोडण्याची भाषा या बाकांवरून होते तेव्हा ती ऐकणाऱ्याने शुल्कपत्रक हाताशी ठेवावे.

विधिमंडळाने विद्यापीठात लक्षच घालू नये, असा याचा अर्थ नाही. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव दोन्ही सभागृहांनी २७ जुलै १९७८ रोजी केला. त्यानंतर मराठवाड्यात दलितांवर अत्याचार झाले, आणि ठरावाची अंमलबजावणी नामविस्ताराच्या रूपाने १४ जानेवारी १९९४ रोजी झाली. तो निर्णय राजकीय होता आणि योग्य होता. आरक्षण, शुल्कप्रतिपूर्ती, परदेशी शिक्षणासाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती, हे सारे राजकीय निर्णयच आहेत. ही शिष्यवृत्ती देताना जागतिक क्रमवारीत वर असलेली विद्यापीठेच ग्राह्य धरली जातात. उत्तम विद्यापीठाची किंमत सरकारला कळते, याचा तो पुरावा आहे. ती किंमत घरच्या विद्यापीठांना लावली जात नाही, हा प्रश्न आहे.

विद्यापीठांनीही या रोषाला खतपाणी घातले आहे. मुंबई विद्यापीठाच्या कलिना किंवा पुणे विद्यापीठाच्या गणेशखिंड परिसरातल्या विभागांना जेवढी प्रतिष्ठा मिळाली, तिचा अंशही कणकवली, शिरपूर किंवा उमरग्यातल्या संलग्न महाविद्यालयाच्या वाट्याला आला नाही. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला संदर्भग्रंथ इंग्रजीतच शोधावे लागतात. नियमित पदे रिकामी राहतात आणि शिकवण्याचा भार तासिका तत्त्वावरील शिक्षकांवर पडतो. त्यांचे मानधन महिनोन्‌महिने रखडते, उन्हाळ्याच्या सुट्टीत तर ते नसतेच. यातले अर्धे दोष विद्यापीठांचे आणि अर्धे पदभरती अडवणाऱ्या सरकारचे. या दोषांवर मंत्र्याला प्र-कुलपती करणे हा उपाय होऊ शकत नाही.

येत्या अधिवेशनात विधिमंडळाने २०१६च्या कायद्यात मोजक्या दुरुस्त्या कराव्यात. कुलगुरूंची मुदत संपण्याच्या किमान सहा महिने आधी शोध समिती नेमणे बंधनकारक व्हावे आणि तिने सुचवलेल्या नावांची कारणे प्रसिद्ध व्हावीत. सिनेट आणि विद्यार्थी परिषदेच्या निवडणुकांची तारीख कायद्यातच असावी. ती पुढे ढकलण्याचा अधिकार उच्च व तंत्रशिक्षण विभागाला नसावा. अभ्यासक्रमातले पुस्तक अभ्यास मंडळ आणि विद्वत् परिषदेच्या लेखी निर्णयाशिवाय काढता येऊ नये. ज्या सदस्याची वा त्याच्या कुटुंबाची संस्था विद्यापीठाशी संलग्न आहे, त्याने विद्यापीठविषयक विधेयकावर मत देण्यापूर्वी तसे सभागृहात जाहीर करावे. आणि रयतेचे नाव घ्यायचे असेल तर रिक्त पदे आणि प्रत्येक तालुक्यातील वसतिगृहे यांसाठीची तरतूद त्याच अधिवेशनाच्या पुरवणी मागण्यांत असावी.