दिव्याचा कौल

१९७६ साली माँट्रियल ऑलिंपिकमध्ये बोरिस ओनिश्चेंको या सोव्हिएत खेळाडूने आधुनिक पंचक्रीडा प्रकारातील तलवारबाजीत जी लबाडी केली, ती केवळ लबाडी म्हणून विसरण्यासारखी नाही. ब्रिटनच्या जिम फॉक्सविरुद्धच्या लढतीत फॉक्सच्या अंगाला टोकाचा स्पर्शही झालेला नसताना गुण दर्शविणारा दिवा पेटला. शस्त्र तपासले तेव्हा मुठीत गुप्त कळ बसविलेली आढळली. ओनिश्चेंको बाद ठरला. पण येथे फसविले गेले ते कोण? प्रतिस्पर्धी नव्हे, आपल्याला घाव लागला नाही, हे फॉक्सला पक्के ठाऊक होते. फसविले गेले ते यंत्र, आणि जेथे निवाडा यंत्राचा असतो तेथे तेवढे पुरते.

ऑलिंपिकमध्ये एपे हा प्रकार विजेवर आला १९३६ साली, फॉइल १९५६ साली आणि सेबर तर १९९२ साली. तत्पूर्वी पंच डोळ्यांत तेल घालून उभे असत आणि तरीही तंटे होत. दिव्याने ते पुष्कळसे मिटविले, हे मान्य केलेच पाहिजे. मात्र 'घाव लागला का?' या प्रश्नाचे उत्तर जितके अचूक मिळू लागले, तितका 'घाव घालणारा स्वतः वाचला का?' हा जुना प्रश्न मागे पडत गेला.

सोळाव्या-सतराव्या शतकांतील इटलीत हाच प्रश्न पहिला होता. तेथील रेपियर ही मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर येणाऱ्या वक्र तलवारीहून निराळी. पाते सरळ, निरुंद, मीटरभर वा त्याहूनही लांब. वजन किलोच्या आसपास. मुठीभोवती पोलादी कड्यांचे कवच. ती मुख्यतः भोसकण्यासाठी. १५५३ साली रोममध्ये कामिल्लो अग्रिप्पा याने तिच्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. हा गृहस्थ तलवारीचा वस्ताद नव्हे, तर अभियंता. साहजिकच त्याने भूमितीचा आधार घेऊन चार मूळ पवित्रे मांडले. तलवार म्यानातून उपसताच हात जेथे असतो, तो त्यांतील पहिला. पुढे १६०६ साली कोपनहेगन येथे साल्वातोर फाब्रिस याचा आणि १६१० साली सिएना येथे रिदोल्फो कापो फेरो याचा ग्रंथ निघाला.

या वस्तादांचे एकमेकांशी पटतेच असे नाही. पण अंतर आणि क्षण या दोन गोष्टींवर त्यांचा सारा भर आहे. प्रतिस्पर्ध्याच्या पात्याचा टोकाकडील दुबळा भाग आपल्या पात्याच्या मुठीकडील बळकट भागाने दाबायचा, त्याची वाट बंद करायची आणि त्याच हालचालीत आपले टोक पुढे न्यायचे. बचाव आणि वार वेगळे नाहीत. यामागे मोठे व्यावहारिक कारण होते. रेपियरच्या टोकाने झालेली जखम प्राणघातक असली, तरी माणूस लगेच कोसळेलच असे नसे. मरणारा माणूस मारूनच मरण्याची शक्यता सदैव उभी. म्हणून नुसता पहिला घाव घालणे म्हणजे विजय नव्हे.

आजचा खेळाडू १४ मीटर लांब आणि जेमतेम दोन मीटर रुंद पट्टीवर उभा राहतो. फॉइल व सेबर यांचे वजन ५०० ग्रॅमपर्यंत, एपेचे ७७० पर्यंत. जुन्या वस्तादांच्या डाव्या हातात कट्यार किंवा गुंडाळलेला अंगरखा असे. आज त्या हाताने बचाव करणे नियमबाह्य आहे. एपेमध्ये दोघांचे घाव सेकंदाच्या पंचविसाव्या भागाच्या आत लागले, तर गुण दोघांनाही. द्वंद्वात ज्याला दोन प्रेते म्हटले असते, त्याला येथे बरोबरी म्हणतात. आणि आघाडीवर असलेला खेळाडू तर असे दुहेरी घाव मुद्दाम ओढवून घेतो.

यावरून हा खेळ खोटा आणि रेपियर खरी, असा निर्वाळा युरोप-अमेरिकेतील काही पुनरुज्जीवनवादी मंडळी देतात. ते ग्रंथ उलगडून जुने पवित्रे पुन्हा उभे करतात, ही त्यांची कामगिरी कौतुकास्पद आहे. त्यांच्या काही स्पर्धांत दुहेरी घावाला दंडही असतो. परंतु त्यांचा निर्वाळा उतावळा आहे. फॉइल ही मुळात रेपियरची नव्हे, तर तिच्यानंतर आलेल्या लहान तलवारीच्या सरावाची काठी. शिवाय फॉइलमध्ये जो नियम नवख्याला चमत्कारिक वाटतो, तोच जुन्या भयाचा वारस आहे. समोरून वार येत असेल तर आधी तो अडवा, मगच उलट वार करा. दोघांचे दिवे पेटले तरी गुण त्याचाच, ज्याच्याकडे हल्ल्याचा अधिकार होता. अंगावर येणाऱ्या पात्याकडे दुर्लक्ष करणारा मूर्ख ठरतो, हे येथे कायद्याने शिकविले जाते. तेव्हा ते मृत्यू शिकवीत असे. जाळीदार मुखवटा चढविलेल्या पुनरुज्जीवनवाद्यालाही मृत्यू शिकवीत नाही, नियमच शिकवितात.

आणि मृत्यू या खेळातून अगदीच हद्दपार झाला, असेही नाही. १९८२ साली रोम येथील जागतिक स्पर्धेत प्रतिस्पर्ध्याचे पाते मोडून ते मुखवट्यातून आत घुसले आणि व्लादिमिर स्मिर्नोव हा ऑलिंपिक विजेता प्राणास मुकला. त्यानंतर मुखवटे, पोशाख आणि पात्यांचे पोलाद यांचे निकष कडक झाले.

खेळाची खरी अडचण निराळीच आहे. हल्ल्याचा अधिकार कोणाचा, हे दिवा सांगू शकत नाही. दोन्ही दिवे लागले की फॉइल आणि सेबरचा पंच आजही हाताची खूण करून निवाडा देतो, आणि पुष्कळदा ज्याच्या विरुद्ध तो गेला तो खेळाडू चित्रफीत पुन्हा दाखवा म्हणून मागणी करतो.